नदीच्या मुखाशी लाट का फुटते? शापोऱ्याहून होडीने उत्तरेकडे निघण्याआधी

दिवाळी आटोपली आणि समुद्राचा गढूळपणा निवळला की आमच्या मित्रांत एक बेत हमखास निघतो. कुणाच्या तरी मेव्हण्याची फायबरची होडी असते, कुणी नवं आऊटबोर्ड इंजिन बसवून घेतलेलं असतं. उत्तर गोव्यातल्या शिवोलीहून निघायचं, शापोरा नदीच्या मुखातून बाहेर पडायचं, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल उजव्या हाताला ठेवत तेरेखोल गाठायचं, आणि जमलं तर रेडी, शिरोडा करत थेट वेंगुर्ला. मुखापासून तेरेखोल साधारण सात सागरी मैल, वेंगुर्ला पंधराच्या आसपास. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पेडण्याचा किनारा ज्याने समुद्रातून पाहिला नाही त्याने तो अर्धाच पाहिला, असं मी कुणालाही सांगेन. तेव्हा बेत करूच नका असं सांगायला मी बसलेलो नाही.

पण याच हंगामात दुसऱ्या बातम्याही वाचायला मिळतात. शापोऱ्याच्या मुखाशी मासेमारी होडी उलटली. बेतूलला, साळ नदीच्या तोंडाशी ट्रॉलर वाळूत रुतला. वाचणारा बुचकळ्यात पडतो. आकाश स्वच्छ होतं, वादळाचा इशारा नव्हता, होडीवरची माणसं जन्मभर दर्यात वावरलेली. मग घर दिसत असताना, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होडी उलटते कशी?

याचं उत्तर वाळू, पाणी आणि वारा या तिघांच्या वेळापत्रकात आहे. ते एकदा समजलं की दिवस कसा निवडायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.

नदी आपलं ओझं कुठे उतरवते

पावसाळ्यात नदी घाटातली माती आणि वाळू घेऊन सुसाट येते. समुद्राला भेटली की पात्र एकदम रुंदावतं, वेग मरतो आणि हातातलं ओझं ती तिथेच टाकते. समोरून लाटा तीच वाळू परत आत ढकलत असतात. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेला माणूस उंबऱ्यावरच त्या टेकवतो, तसं हे आहे. नदीच्या मुखाशी आडवा वाळूचा उंचवटा तयार होतो. त्याला सँडबार म्हणतात. मी इथे नुसती 'पट्टी' म्हणणार आहे.

पट्टी बहुतेक वेळा पाण्याखालीच असते, त्यामुळे नवख्याला ती दिसत नाही. आणि ती एका जागी राहत नाही. जूनमध्ये होडी जिथून जात होती तिथे ऑक्टोबरात वाळू असू शकते. शापोऱ्याला मोरजीच्या तेंबवाड्याकडून वाळूचं नाक पुढे आलेलं दिसतं, त्याचाही आकार दरवर्षी बदलतो.

मांडवीलाही अशी पट्टी आहे. आग्वादसमोरची ही जागा पावसाळ्यात इतकी धोक्याची होते, की खनिजाच्या बार्जेस त्या महिन्यांत समुद्रात न उतरता कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत आणि तिथून मुरगावला जात. २०१७ च्या जुलैत मांडवीत ओढून आणलं जाणारं कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत जाऊन रुतलं, ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढ्या मोठ्या जहाजाची ही गत, तर आपली सात मीटरची होडी पट्टीपुढे किती!

लाटेला पाय असतात

लाट पुढे सरकते तेव्हा पाणी पुढे सरकत नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. जाळ्याचा तरंगता थर्माकोल बघा. लाट आली की वर चढतो, थोडा पुढे येतो, खाली उतरतो, मागे जातो. हे फिरणं वरच्या थरातच नसतं, खाली खोलवर पोचतं. दोन लाटांच्या माथ्यांमधलं जे अंतर, त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत. हेच लाटेचे पाय.

पाय तळाला लागले की लाट अडखळते. पुढचा भाग हळू होतो, मागचा तेवढ्याच जोरात येत राहतो. चटई एका टोकाने ढकलली की तिला वळ्या पडून ती मधे उंच होते, तशी लाट आखूड आणि उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती कोसळते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा ते दीड मीटर पाण्यात फुटणार.

आता पट्टीकडे परत या. समजा तिच्यावर ओहोटीला एक मीटर पाणी आहे. मीटरभराची लाट तिथे फुटणारच. भरतीला त्याच जागी पावणेतीन मीटर पाणी असेल, तर तीच लाट होडीखालून निमूट निघून जाईल. जागा तीच, लाट तीच, सहा तासांचा फरक.

शिवाय लाटा दोन जातीच्या असतात आणि हवामानाचा अंदाज बघताना हा भेद कळला पाहिजे. स्थानिक वाऱ्याच्या लाटा चार-पाच सेकंदांच्या अंतराने येतात. अंगावर पाणी उडवतात, त्रास देतात, पण त्यांचे पाय आखूड. दुसऱ्या दूरच्या वादळात जन्मलेल्या, चौदा-पंधरा सेकंदांच्या. खोल पाण्यात पाच सेकंदांच्या लाटेची लांबी चाळीस मीटरच्या आत भरते, चौदा सेकंदांच्या लाटेची तीनशे मीटर. तीनशे मीटरवर पसरलेला मीटरभर चढ तुम्हाला समुद्रात जाणवतसुद्धा नाही. होडी झोळीतल्या बाळासारखी वर-खाली होते, बस्स. पण पट्टीवर आली की हीच लाट उंच उभी राहते. डिसेंबर ते मार्चमध्ये अरबस्तानाकडच्या 'शमाल' वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्याला येतात. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटाही हजारो किलोमीटर चालून येतात. आपल्या आभाळात ढगाचं बोटही नसताना मुखाशी पांढरं उसळलेलं दिसतं, त्याचं कारण हे.

भरती-सुकती म्हणजे झोपाळा

चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. दिवसात दोन भरत्या, दोन सुकत्या, म्हणजे ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं.

जे ठाऊक नसतं ते हे, की पाणी एकसारख्या गतीने चढत-उतरत नाही. झोपाळा बघा. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो आणि मधे सर्वांत जोरात जातो. पाणीही तसंच. सुकतीचे सहा तास धरले आणि एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरांच्या आसपास उतरतं. त्यातला मीटरभर उतार मधल्या दोनच तासांत होतो. मुखातला ओढा, म्हणजे पाण्याची ओढ, त्या दोन तासांत सर्वांत तीव्र असते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचा तो भांग. भांगाला पाणी जेमतेम मीटरभर किंवा त्याहून कमी हलतं, ओढाही मवाळ.

भरतीची वेळ काढायचं एक जुनं गणित कोकणात अजून चालतं: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. यामागे रोजच्या दोन घटकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा उशीर आहे. किती नेमकं निरीक्षण! पण हे गणित मुंबईच्या बाजूला जास्त जुळतं. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या साधारण तासभर आधी पोचते. अष्टमीला पाचच्या, पौर्णिमेला साडेदहाच्या आसपास. हा अंदाज झाला. निघताना सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातला मुरगावचा आकडाच घ्यायचा, कारण आपल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

पौर्णिमेच्या दुपारी अडीच वाजता

आता वारा. हिवाळ्यात पहाटे जमीन गार होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते. सकाळी सातला समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत असतो तो तिच्यामुळे. जमीन तापली की चक्र उलटतं. अकरा-बाराला वायव्येकडून खारा वारा धरतो आणि दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान ऐन भरात येतो.

सगळ्यांना पौर्णिमेची सहल आवडते. पौर्णिमेला भरती साडेदहा-अकराला, म्हणजे सुकती पाचच्या सुमारास संपणार. झोपाळ्याचा मधला, सर्वांत वेगवान भाग कुठे येतो? साधारण एक ते तीन. उधाण असल्यामुळे ओढा वर्षातल्या जोरदार ओढ्यांपैकी एक. आणि नेमक्या त्याच वेळी खारा वारा समोरून लाटा आत ढकलत असतो. पाणी बाहेर पळतंय, लाटा आत येताहेत, खाली वाळू वर येतेय. येणाऱ्या लाटेला उलट ओढा भेटला की ती दाबली जाते, दोन लाटांतलं अंतर कमी होतं, उंची वाढते, पुढची बाजू भिंतीसारखी उभी होते. चटई दोन्ही बाजूंनी ढकलल्यासारखं.

आमच्यावर ही वेळ एका जानेवारीत आली. तेरेखोलला जेवून अडीचला शापोऱ्यासमोर पोचलो. होडी चालवायला वेंगुर्ल्याकडचे एक वयस्क तांडेल होते. त्यांनी इंजिन मंद केलं, मुखाकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वाईच थांबा." मग बाहेर सहा-सात मीटर पाण्यात नांगर टाकला. त्यांचं ते 'वाईच' तीन तासांचं होतं. आमच्यातले दोघं वैतागले. एकाला सातची बस होती, दुसऱ्याला बोट लागली होती आणि त्याचे हाल मला बघवत नव्हते. पाच वाजून गेल्यावर पाणी परतलं, हळूहळू पांढरा फेस विरला आणि सहाच्या सुमारास आम्ही आत आलो. ते तीन तास आज आठवले की त्या माणसाविषयी मनात फक्त कृतज्ञता येते.

थांबणं म्हणजे घाबरणं, असा आपल्याकडे एक समज आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्काकडे जाणाऱ्या वाटेवर सीमोर नॅरोज नावाची अरुंद सामुद्रधुनी आहे. तिथे भरती-ओहोटीचा ओढा ताशी पंधरा सागरी मैलांपर्यंत जातो. तिच्या मधोमध असलेल्या खडकाने इतकी जहाजं फोडली की अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी तो खालून बोगदा खणून सुरुंगाने उडवण्यात आला. खडक गेला, ओढा आहे तसाच आहे. मित्रांसोबत स्वतःच्या होड्या घेऊन उत्तरेकडे निघालेली तिथली माणसं आजही मुखाशी रांगेत थांबतात आणि झोपाळा टोकाला टेकला, पाणी स्थिर झालं, की त्या थोड्या मिनिटांत पार होतात. तिथे ते प्रवासाच्या वेळापत्रकातच धरलेलं असतं.

"बाहेरून तर शांत दिसत होतं"

उलटलेल्या होडीतून वाचलेली माणसं हे वाक्य हटकून बोलतात, आणि ती खरं बोलत असतात. लाट फुटते ती किनाऱ्याच्या बाजूला. मोरजीच्या वाळूवर उभं राहिलं तर पांढऱ्या फेसाच्या भिंती दिसतात. समुद्रातून येताना मात्र लाटांची पाठ दिसते, गोल आणि गुळगुळीत. म्हणून आत येणं हे बाहेर जाण्यापेक्षा कितीतरी अवघड. बाहेर जाताना लाट समोर असते, नाळ, म्हणजे होडीचं नाक, तिच्यावर चढवता येते, नको वाटलं तर परत फिरता येतं. आत येताना लाट मागून येते. तिने होडीचा मागचा भाग उचलला की नाक खाली खुपसतं, सुकाणू ऐकत नाही, होडी आडवी फिरते. पुढची लाट त्या आडव्या होडीवर येते.

म्हणून बाहेर निदान दहा-पंधरा मिनिटं थांबून बघायचं. लाटा गटाने येतात: काही मोठ्या, मग जरा उसंत. ती उसंत ओळखायची. निघाल्यावर एका लाटेच्या पाठीवर राहायचं. तिला ओलांडून पुढे जायचं नाही आणि मागची आपल्याला गाठेल इतकं रेंगाळायचंही नाही. सगळ्यांनी खाली, होडीच्या तळाशी बसायचं. फोटोसाठी नाळेवर कुणी नको. लाइफ जॅकेट मुखाच्या आधीच चढवलेलं असावं. 'मला पोहता येतं' हे इथे उत्तर नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंग पेलत नाही, आणि ओढा माणसाला परत समुद्राकडेच नेतो.

इंजिन मोठं असलं तर?

वेग हाताशी असणं उपयोगाचंच. पण मागचा भाग लाटेने उचलला की पंखा पाण्याबाहेर येतो. फेसात तो नुसता भिरभिरतो, ढकलायला घट्ट पाणीच मिळत नाही. ज्या दोन सेकंदांत ताकद हवी, त्याच दोन सेकंदांत दोनशे अश्वशक्तीही हाताशी नसते. शिवाय मोठ्या इंजिनाच्या भरवशावर माणूस नको त्या वेळी मुखात शिरतो, हे मी पाहिलेलं आहे.

फोनवर सगळं दिसतं की!

भरतीची वेळ दिसते, वारा दिसतो, नकाशाही दिसतो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची आणि सेकंद दोन्हींचा अंदाज फुकट देते. तो रोज बघायची सवय मी प्रत्येकाला लावून घ्यायला सांगतो. पण नकाशातली खोली कुणीतरी पूर्वी कधीतरी मोजलेली असते आणि पट्टी त्यानंतर सरकलेली असते. दुसरं, नकाशातला आकडा म्हणजे तुमच्यासमोरची खोली नव्हे. तो जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या शून्य पातळीपासून मोजलेला असतो. नकाशात ०.८ मीटर आणि त्या वेळची भरती १.६ मीटर, तर प्रत्यक्ष पाणी २.४ मीटर. त्यातून लाटेचा खळगा वजा करायचा, होडीचा पाण्याखालचा भाग वजा करायचा, आणि उरेल तेवढाच तुमचा हिशेब.

यापेक्षा भरवशाचा स्रोत शापोऱ्याच्या जेटीवर भेटतो. तिथल्या कुठल्याही खारवी दादाला आदल्या संध्याकाळी विचारा, "यंदा वाट कुठून आहे?" रोज जाणारा माणूस सांगेल ती वाट घ्या.

तेरेखोलच्या पुढे

शापोरा ते तेरेखोल हा पट्टा तसा सोबतीचा. शॅक दिसतात, फोन लागतो. तेरेखोलच्या मुखालाही उत्तरेच्या टेकडीचा, म्हणजे किल्ल्याच्या बाजूचा, वायव्य वाऱ्यापासून थोडा आडोसा आहे. केरीच्या बाजूला मात्र ओहोटीला वाळू उघडी पडते. रेडीचा यशवंतगड मागे पडला की किनारा एकाकी होत जातो. वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत. दीपगृह आहे, आणि गुहांत पाकोळ्यांची घरटी. लांबून फार मोह होतो, पण त्या खडकांभोवती आडोसा नाही आणि पाण्याखालचे सुळके आहेत. माहितगार तांडेलाशिवाय तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. गोव्यात होडीची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे होते. तेरेखोल ओलांडलं की महाराष्ट्र सागरी मंडळाची हद्द. होडीचे कागद, प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी पोलीस ते विचारतात आणि विचारायलाच हवं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, आणि व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. घरी एका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवा. अंधार पडला की जाळ्यांचे दोर दिसत नाहीत, पंख्यात अडकतात आणि होडी जागीच लुळी पडते. म्हणून सूर्यास्तानंतर समुद्रात नकोच. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते तेव्हा प्रश्नच नाही, पण मे महिन्यालाही मी हात जोडतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेलं, ते मेच्या मध्यावरच.

मग कोणता दिवस धरायचा?

अष्टमी किंवा नवमी, शुक्ल असो वा कृष्ण, डिसेंबर ते फेब्रुवारीतली. सकाळी सातला निघताना सुकती चालू असेल, पण ती भांगाची, मवाळ. वर मतलई असल्यामुळे मुखाशी लाट नाही. साडेआठला तेरेखोल. अकरा-साडेअकराला पाणी तळाला टेकेल, तेव्हा तुम्ही किल्ल्याखाली असाल. त्यानंतर भरती लागते आणि दुपारभर चढत राहते. मोरजी, मांद्र्यासमोरून जाताना वेग कमी ठेवा. हे कासवांच्या अंडी घालण्याचे महिने आहेत, माद्या श्वास घ्यायला वर येतात. साडेतीनला परत निघालात की वायव्येचा वारा पाठीवर. साडेचारच्या सुमारास शापोऱ्यासमोर याल तेव्हा भरती जवळजवळ पुरी झालेली असेल, ओढा उतरलेला असेल आणि पट्टीवर दिवसातलं सर्वांत जास्त पाणी असेल.

तरीही इंजिन मंद करा आणि दहा मिनिटं मुखाकडे बघा. आमचे तांडेल अशा दिवशीही लाटा मोजतात, बोटांच्या पेरांवर, आणि मोजून झाल्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत.